पांढरी कोणाची, राखाडी कोणाची

ताईच्या शेडला दोन दारं होती, आणि त्या दोन दारांनी येणारी माणसं एकमेकांशी बोलत नसत.

एक दार थोरल्या भावाच्या कारखान्यात उघडायचं, दुसरं धाकट्याच्या. दोन्हीकडे एकच वस्तू तयार व्हायची, गाडीच्या एसीचा कंप्रेसर. बॉनेटखाली इंजिनाला चिकटून बसलेलं, पट्ट्यावर फिरणारं, गॅस दाबून पुढे ढकलणारं ते यंत्र. चालू असेतो त्याची कोणाला आठवणही होत नाही, आणि बंद पडलं की गाडीत बसलेल्या चांगल्या घरच्या माणसांनाही एकमेकांचा राग यायला लागतो.

ताई दोघा भावांहून मोठी. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "दोन सांभाळतेय, तेवढे पुरेत." तिचा चेहरा इतका सरळ, की ती थट्टा करत होती हे समोरच्याला घरी पोचल्यावर कळायचं. दोन्ही कारखान्यांचे कंप्रेसर तिच्या शेडमध्ये चाचणीला यायचे. ते मशीनवर चढवायचे, फिरवायचे, आवाज ऐकायचा, दाब बघायचा, आणि पास किंवा नापास सांगायचं, हे तिचं काम.

एकेकाळी हे दोघं भाऊ एकाच टेबलावर खपायचे. मग एका दुपारी जेवताना विषय निघाला, की गिऱ्हाइकाला हवं तरी काय असतं? थोरला म्हणाला, "गारवा. गाडीत बसल्या बसल्या अंगावर काटा आला पाहिजे." धाकटा म्हणाला, "शांतता. एसी चालू आहे हेच विसरायला झालं पाहिजे." डबे बंद झाले, वाद बंद झाला नाही. तो चहापर्यंत गेला, घरापर्यंत गेला, दोन्ही वहिन्यांपर्यंत गेला, आणि वर्ष संपायच्या आत कारखान्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. चाचणीची मशीनं जड होती, हलत नव्हती, म्हणून भिंतीच्या मध्ये ही शेड तेवढी राहिली. आणि शेड राहिली म्हणून ताई राहिली.

वाटणी झाल्यावर दोघांनीही आपापला हट्ट पुरवून घेतला. थोरल्याचा कंप्रेसर गाडी बघता बघता थंडगार करायचा, पण त्याचा क्लच, म्हणजे कंप्रेसरला फिरत्या पट्ट्याशी जोडणारी तबकडी, लागला की कोणीतरी रागारागाने कपाट आपटल्यासारखा आवाज यायचा. धाकट्याचा चालू आहे की बंद हे कळायचं नाही, आणि हे फक्त आवाजाच्या बाबतीत नव्हे. गाडी गार होईपर्यंत आतला माणूस उतरायच्या ठिकाणी पोचलेला असायचा.

ताईने दोघांनाही हे कितीदा तरी सांगितलं होतं. थोरला म्हणायचा, "आवाज? कुठे आहे आवाज?" आणि हे तो इतक्या मोठ्याने विचारायचा की त्याचं त्यालाच उत्तर मिळायला हवं होतं. धाकटा गोड हसून म्हणायचा, "ताई, गारवा कसा, हळूहळू मुरला पाहिजे."

दोघांचं बोलणं ताईच्या मार्फत. समोरासमोर, हाताच्या अंतरावर उभे असले तरी.

"ताई, त्याला सांग, त्याचा ट्रक माझ्या गेटसमोर उभा आहे."

"ताई, दादाला सांग, त्याचं गेट माझ्या ट्रकच्या मागे आलंय."

ताई दोघांकडे बघायची, म्हणायची, "ऐकलंत दोघांनी? मग झालं," आणि कामाला लागायची.

तर अशा या घरात एका मोठ्या मोटार कंपनीचा निरोप आला. कंपनी नवी छोटी गाडी काढणार होती आणि तिला कंप्रेसर पुरवायला एकच कारखाना निवडणार होती. एकच! निरोप दोघांनाही आला होता. थोरल्याने आपल्या कारखान्याला बाहेरून रंग लावला. ते बघून धाकट्याने बाहेरून आणि आतून लावला. वासाने ताईचं डोकं दोन्ही बाजूंनी दुखलं.

कंपनीची खरेदीबाई आली ती भर उन्हाळ्यात लोकरीची शाल घेऊन. अंगाने किरकोळ, बोलायला तुटक. तिचं निम्मं आयुष्य नवनव्या गाड्यांच्या एसीसमोर बसण्यात गेलं होतं, त्यामुळे शालीशिवाय ती गाडीच्या जवळपाससुद्धा जात नसे. दोन्ही भावांनी तिच्यासमोर आपापल्या जाडजूड फायली ठेवल्या. तिने त्या उघडल्याच नाहीत. त्यांच्यावर कोपर टेकलं आणि म्हणाली, "कागदावर सगळेच कंप्रेसर गार असतात."

थोरला हसला. मग हसायचं होतं की नाही याची शंका येऊन थांबला.

"माझ्या दोन गाड्या उद्या इथे येतील," खरेदीबाई म्हणाली. "अगदी सारख्या. एक पांढरी, एक राखाडी, तेवढाच फरक. एकीत यांचा कंप्रेसर बसवायचा, दुसरीत त्यांचा. कोणत्या गाडीत कोणाचा, हे मला कळता कामा नये. तुम्हा दोघांनाही नाही. माहीत असलं की माणूस ऐकायचं सोडून बोलायलाच लागतो. गाड्या उन्हात तापू देऊ, मग मी बसेन, आणि काय ते ठरवीन. बसवायला विश्वासाचं कोणी आहे?"

"ताई!" दोघं भाऊ एका सुरात म्हणाले, आणि एका सुरात बोललो म्हणून दोघांनीही तोंड वाकडं केलं.

खरेदीबाई ताईकडे वळली. ताईने चष्मा काढून हातात घेतला. "कोणाचा कंप्रेसर कोणत्या गाडीत आहे, हे माझ्या तोंडून कोणालाही कळणार नाही," ती म्हणाली. "शब्द देते."

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. ताईने समोरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री तिने मुद्दाम निवडला होता, कारण त्याच्या दातांत कायम एखादा बोल्ट धरलेला असायचा आणि त्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट धड सांगताच यायची नाही. शेडची दोन्ही दारं आतून लावून घेतली. दोन कंप्रेसर फडक्यात गुंडाळून आले होते, त्यांच्या नावाच्या पट्ट्यांवर ताईने चिकटपट्टी लावली. मग मिस्त्रीने दोन मुठी पुढे केल्या, एकीत खिशातला एक बोल्ट, एकीत काही नाही. ताईने एक मूठ निवडली, आणि त्यावरून ठरलं की थोरल्याचा कंप्रेसर पांढऱ्या गाडीत, धाकट्याचा राखाडीत.

मिस्त्रीने ते बसवले, पट्टे चढवले, आतली हवा ओढून घेऊन गॅस भरला. बॉनेट बंद करून ताईने त्यांच्या कडेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर सही केली. किल्ल्या आपल्या खिशात टाकल्या आणि दोन्ही दारांच्या कड्या काढल्या. सगळं कसं सरळ, चोख. इथपर्यंत ताईच्या मनात काळंबेरं काही म्हणता काही नव्हतं.

मिस्त्री जातो न जातो तोच थोरल्याच्या बाजूचं दार वाजलं. थोरला आत आला, चवड्यांवर चालत. एवढा धिप्पाड माणूस चवड्यांवर चालला की शेडचे पत्रे जास्तच वाजतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"ताई, मी काही विचारायला आलेलो नाही," तो कुजबुजला. थोरल्याची कुजबूज पलीकडच्या गोदामातही ऐकू जात असे.

"बरं."

"फक्त एवढंच सांग, कोणती?"

"काय कोणती?"

"माझी कोणती?"

"शब्द दिलाय मी."

"अगं, शब्द त्या बाईला दिलास. मी काय परका आहे? लहानपणी सायकलवरून पडलो तेव्हा मला उचलून कोणी आणलं?"

"मीच. आणि पाडलंही मीच होतं. त्याचा इथे काय संबंध?"

थोरल्याने कपाळ पुसलं. "तू समजून घे ना. उद्या ती मला विचारणार, ही गाडी कशी, ती गाडी कशी. मला माहीत नसलं आणि चुकून तोंडातून त्याच्याच मालाची तारीफ निघाली तर? आपल्याच मालाला नावं ठेवली तर? नाक कापलं जाईल माझं!"

ताई काहीतरी रागाचं बोलणार होती. पण हे शेवटचं वाक्य तिच्या कानात शिरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. तिने थोरल्याकडे नीट पाहिलं. मग चष्मा काढून सावकाश पुसला.

"राखाडी," ती म्हणाली.

"राखाडी!" थोरल्याचा चेहरा उजळला. "वाटलंच मला. रंगच कसा भारदस्त आहे." आणि तो पत्रे वाजवत चवड्यांवर निघून गेला.

ताई खुर्चीत बसली. आपण हे काय करून बसलो, असं तिला वाटायला हवं होतं. तसं तिने थोडा वेळ वाटून घ्यायचा प्रयत्नही केला. पण पोटातून हसू असं काही वर येत होतं की तिला टेबलाची कड धरावी लागली. शब्द तर मोडला नव्हता. कोणाचा कंप्रेसर कोणत्या गाडीत आहे, हे तिच्या तोंडून अजून कोणालाच कळलं नव्हतं.

तेवढ्यात दुसरं दार उघडलं. धाकटा आला. त्याच्या हातात एक मऊ उशी.

"तुझ्या खुर्चीला आणली," तो म्हणाला. "दिवसभर बसून पाठ दुखत असेल तुझी. कोणाला आहे काळजी?"

ताईने उशी पाठीशी घेतली. छान होती.

"मी दादासारखा गळ घालायला आलेलो नाही बरं का," धाकटा म्हणाला. "तो येऊन गेला ना?"

"तुला कसं कळलं?"

"त्याची कुजबूज ऐकली. सायकल सोडली तर शब्द नाही कळले, पण सूर लागला होता. तू सांगितलंस त्याला काहीतरी. ताई, तू इतकी न्यायाने वागणारी. एकाला सांगायचं आणि एकाला नाही, हे तुझ्या मनाला तरी पटेल का?"

ताईने थोडा विचार केल्यासारखं केलं. "नाही पटणार," ती म्हणाली. "न्यायाने दोघांनाही सारखंच मिळायला हवं."

"तेच म्हणतो मी."

"पांढरी," ताई म्हणाली.

धाकट्याने तिचा हात हातात घेऊन दाबला, अगदी भरल्या डोळ्यांनी. त्या संध्याकाळी दोघं भाऊ गेटवर एकमेकांसमोर आले, तेव्हा थोरल्याने धाकट्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि धाकट्याने थोरल्याला, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, आधी जायला वाट दिली. हरणाऱ्या माणसाशी नीट वागावं, असं दोघांनाही वाटत होतं.

ताईला मात्र घरी गेल्यावर एक धास्ती लागून राहिली. थोरला आपल्या कंप्रेसरचा आवाज ओळखणार नाही का? स्वतः बनवलेली वस्तू! मग तिला आठवलं, की घोरणाऱ्या माणसाला बाकी सगळं ऐकू येतं, घोरणं तेवढं येत नाही. ती निवांत झोपली.

चाचणीच्या दिवशी ऊन असं होतं की अंगणातल्या फरशीवरून चपला घालून चालतानाही तळवे सावध व्हायचे. दोन्ही गाड्या काचा लावून शेजारी शेजारी उभ्या केलेल्या. आतल्या हवेत हात घातला तर भट्टीत घातल्यासारखं वाटावं. दोन्ही कारखान्यांतले कामगार आपापल्या खिडक्यांना चिकटलेले. मिस्त्री पाना घेऊन सावलीत बसलेला, दातांत बोल्ट.

खरेदीबाई आधी एकटीच दोन्ही गाड्यांत बसून आली. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. मग म्हणाली, "आता तुम्हीही बसा माझ्याबरोबर. एकेक जण. काय वाटतं ते सांगा. कोणाची कोणती हे माहीत नाही, तेव्हा मोकळेपणाने बोलाल. ताई, तुम्ही मागे बसा."

ताई मागच्या सीटवर बसली. हातात एक मोठा रुमाल घेऊन ठेवला होता. लागेल, असा तिला अंदाज होताच.

आधी राखाडी गाडी. पुढे थोरला, शेजारी खरेदीबाई. गाडी सुरू झाली, एसी लावला, आणि सगळीकडे शांत. झरोक्यातून येणारी हवा ऊन ऊन. थोड्या वेळाने कोमट. थोरल्याच्या कानशिलावरून घामाची धार निघाली, मानेवरून शर्टात शिरली.

"वा!" थोरला म्हणाला. "काय शांतता आहे! याला म्हणतात कारागिरी. पानसुद्धा हललेलं ऐकू यावं."

"गारवा?" खरेदीबाईने विचारलं.

"येतोय ना, येतोय! गारवा म्हणजे काय, एकदम अंगावर ओतायची वस्तू आहे का ती? सर्दी होते माणसाला. हळूहळू मुरला पाहिजे." घामाचा एक थेंब त्याच्या नाकावरून स्टिअरिंगवर पडला. त्याने तो तळहाताने झाकला.

ताईने रुमाल तोंडाला लावला.

मग पांढरी. एसी लावला मात्र, बॉनेटखालून खाडकन आवाज आला. थोरला दचकला. पाठोपाठ बर्फासारखा झोत आला आणि खरेदीबाईने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. पुन्हा खाडकन.

"हे काय आहे?" थोरला ओरडला. "हा कंप्रेसर आहे की दार आपटणारी सासू? ऐका, ऐका! क्लच लागतोय कसा बघा. मी सांगतो काय झालंय ते. स्प्रिंग नको तेवढी कडक घेतली आहे, आणि क्लचच्या दोन तबकड्यांमधलं अंतर जास्त ठेवलंय. घाई, दुसरं काय! गार करायच्या नादात माणसाने बाकी काही बघितलंच नाही. अहो, अशा गाडीत तान्हं मूल झोपेल का?"

मग तो थांबला. मान तिरकी करून ऐकू लागला. "आवाज कुठेतरी ओळखीचा वाटतोय," तो म्हणाला. ताई सीटवर पुढे सरकली. "वाटणारच म्हणा," थोरला म्हणाला. "भिंतीपलीकडून रोज येत असेल."

मागच्या सीटवरून एक विचित्र आवाज आला. "खोकला," ताई रुमालातून म्हणाली. "गारठा सोसत नाही मला."

नंतर धाकट्याची पाळी. थोरला बाहेरून काचेला कान लावून उभा राहिला. तो आधी पांढऱ्या गाडीत बसला, अंगात पातळ शर्ट. खाडकन आवाज झाला तसा त्याचा चेहरा कसनुसा झाला, पण त्याने लगेच हसून सावरलं.

"मला विचाराल तर," तो म्हणाला, "थोडा आवाज हवाच. त्याशिवाय काहीतरी चाललंय हे कळणार कसं? घरात माणसं असल्यासारखं वाटतं." थंडीने त्याचे दात वाजायला लागले होते, आणि वाजणाऱ्या दातांतून गोड बोलणं फार कष्टाचं असतं. "आणि ग-गारवा बघा. अ-असा पाहिजे. बसल्या बसल्या अंगावर का-काटा."

राखाडीत बसल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं, कारण गारठलेल्या अंगाला ती ऊब छानच होती. पण तो कर्तव्याला चुकला नाही. सीटवर चुळबुळ केली, कॉलर सैल केली, झरोक्यासमोर हात धरला.

"चालू आहे का हो हा?" त्याने भोळेपणाने विचारलं. "आहे? कमाल आहे. पोहोचेपर्यंत तरी गार होईल ना? बिचाऱ्याचं कुठे चुकलंय सांगू का? पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे त्याची धाव, आखूड ठेवलाय. आवाज होऊ नये म्हणून दमाने चालवलाय, आणि गॅस हवा तेवढा दाबलाच जात नाही. वर झडपांची वाटही अरुंद. म्हणजे माणूस भांडण नको म्हणून बोलतच नाही, तसा प्रकार. काय उपयोग त्याचा?"

ताईचे डोळे पाण्याने भरून आले होते. धाकट्याने आरशातून ते बघितलं आणि बहिणीला आपलं बोलणं लागलं असं समजून जरा नरमला.

सगळे बाहेर आले. खरेदीबाई दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी राहिली. भाऊ दोन बाजूंना, दोघांचीही छाती पुढे.

"उघडा," ती मिस्त्रीला म्हणाली.

मिस्त्रीने पट्ट्या फाडल्या, पांढरीचं बॉनेट वर केलं, खाली वाकून कंप्रेसरवरची चिकटपट्टी सोलली आणि सरळ झाला. मग, ताईच्या आठवणीत पहिल्यांदाच, त्याने तोंडातला बोल्ट काढून हातात घेतला.

"थोरल्या साहेबांचा," तो स्पष्ट म्हणाला.

थोरला गाडीपाशी गेला. वाकून बघितलं, हात लावून बघितलं, हात पोळला तरी बघितलं. धाकटा राखाडीकडे पळाला आणि तिथून आलाच नाही. बॉनेटखाली डोकं घालून तसाच उभा राहिला. खिडक्यांतून आधी एक हसला, मग दुसरा, आणि मग दोन्ही कारखाने एकदम.

"ताई!" थोरला गरजला. "तू मला सांगितलं होतंस..."

वाक्य तोंडातून निम्मं बाहेर पडल्यावर त्याला कळलं की ते गिळायला हवं होतं. उशीर झाला होता.

"मलाही सांगितलं होतं," बॉनेटखालून धाकट्याचा आवाज आला.

खरेदीबाईने ताईकडे पाहिलं. ताईने तिच्या नजरेला नजर दिली. आता मात्र तिने रुमाल खिशात घातला. गंमत भावांपुरती होती. पण ही बाई गाडीत बसून निघून गेली, तर गमतीखाली दोन कारखाने आणि खिडक्यांतली ती सगळी माणसं चिरडली जाणार होती.

"दोघांनीही विचारलं," ताई म्हणाली. "चोरून. मी तुम्हाला शब्द दिला होता, की खरं काय ते माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. तो पाळला. बाकी जे केलं ते माझं. राग यायचा असेल तर माझ्यावर येऊ द्या."

खरेदीबाईने शालीची घडी घातली. अगदी सावकाश, कड जुळवून. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं कारखाने बघते आहे. प्रत्येक जण आपला माल किती चांगला ते सांगतो. ऐकून ऐकून कान किटले. मालात वाईट काय आहे, आणि ते का आहे, हे बनवणाऱ्याच्याच तोंडून मला आज पहिल्यांदा ऐकायला मिळालं. तेही इतकं मन लावून सांगितलेलं."

थोरल्याने खाली पाहिलं.

"दोन्ही नापास," ती म्हणाली. "एकाच्या गाडीत मी गारठले, दुसऱ्याच्या गाडीत उकडले. दोघांनाही दुखणं माहीत आहे, औषध माहीत आहे, आणि ते औषध शेजारच्याच्या घरात आहे हेही आता माहीत झालंय. गार असेल आणि गप्प असेल असा एक कंप्रेसर मला आणून दाखवा. भिंतीच्या कुठल्या बाजूला बनलाय, याच्याशी मला देणंघेणं नाही. गाड्या इथेच ठेवून जाते." आणि स्वतःच्या गाडीकडे जाताजाता ताईच्या अगदी जवळून जात हळूच म्हणाली, "त्या दार आपटणाऱ्या सासूवर मीही खोकणारच होते."

ती गेल्यावर जे झालं, त्याची कामगार पुढे कित्येक दिवस नक्कल करून दाखवत होते. दोघं भाऊ ताईवर एकदम तुटून पडले.

"घरच्या माणसाने असं तोंडघशी पाडायचं?" थोरला.

"आणि वर माझी उशी घेऊन!" धाकटा.

"तुझी उशी? तू उशी दिलीस तिला? लाच?"

"तू तर सायकल काढलीस, दादा! तेवढं ऐकलं मी!"

"आणि माझ्या क्लचला..." थोरला थांबला. "नाही, क्लचला नावं मीच ठेवली. पण तू काय म्हणालास? माझ्या गाडीत घरात माणसं असल्यासारखं वाटतं?"

"दात वाजत होते रे माझे. काय मारतोस तो झोत! किती ठेवलायस स्ट्रोक?"

"तुझ्या दुप्पट असेल. तुझा आखूड म्हणालास ना स्वतःच? आखूड का पण?"

"लांब केला की थरथरतो. आवाज येतो."

"थरथरतो कारण तू वजन एका बाजूला घेतलंयस. दाखव इकडे. नाही, तिथून नाही, खालून!"

ताईच्या लक्षात आलं, की आपल्याला आता कोणी ओरडत नाहीये. दोघंही राखाडीच्या बॉनेटखाली होते, दोन पाठी वर. "ताई, याला सांग" असं म्हणायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. ती दोन पावलं मागे सरली आणि पांढऱ्या गाडीत जाऊन बसली. काचा लावून एसी लावला. खाडकन. अगदी बेताचा गारवा होईपर्यंत ती डोळे मिटून बसली.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर आली तर दोन्ही दारं आतून बंद. तिने वाजवलं.

"ताईला आत घ्यायचं नाही," थोरल्याचा आवाज आला.

"ठरलंय आमचं," धाकट्याचा आवाज आला.

दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत व्हायची ही केवढ्या तरी काळानंतरची पहिली वेळ. ताई दाराबाहेर खुर्ची टाकून बसली आणि आतलं ऐकत राहिली. आत भांडणं चालली होती, पातेली आपटल्यासारखी, पण सरळ एकमेकांशी. धाकटा आपल्या मऊ आवाजात थोरल्याला गाढव म्हणत होता. थोरला कुजबुजायचा प्रयत्न करत होता, कारण धाकट्याने त्याला क्लचचा आवाज ऐकायला गप्प बसवलं होतं.

कंप्रेसर लगेच जमला असं नाही. पहिला गप्प होता, पण तापून अडकला. दुसऱ्याने गॅस सोडला आणि शेडमधून दोघं शिंकत बाहेर आले. तिसऱ्याच्या वेळी धाकट्याची क्लचची मऊ स्प्रिंग आणि थोरल्याचा लांब स्ट्रोक यांचं कुठेतरी सूत जुळलं, आणि दोघांनी दार उघडून, तोंड फुगवूनच, ताईला आत बोलावलं. चाचणी घ्यायला तिच्याशिवाय दुसऱ्या कोणावर दोघांचाही विश्वास बसेना. ताईने मशीन चालू केलं, कान लावला, दाब बघितला, पुन्हा कान लावला. दोघं भाऊ शाळेतल्या पोरांसारखे हात मागे बांधून उभे.

"नापास," ती म्हणाली.

दोघांचे चेहरे असे पडले की तिलाच राहवेना. "पास, पास," ती म्हणाली. "बघत होते, रडता का."

खरेदीबाईने तो कंप्रेसर आपल्या एका गाडीत घालून, उन्हात नेऊन, शाल न घेता तासभर फिरून पाहिला आणि होकार कळवला. माल दोन्ही कारखान्यांतून जायला लागला. क्लच इकडे, बाकीचं तिकडे, जोडणी मध्ये. मग नवं भांडण सुरू झालं, की कंप्रेसरवरच्या नावाच्या पट्टीवर पहिलं नाव कोणाचं? त्यावर दोन्ही वहिन्याही बोलू लागल्या, तेव्हा ताईने कानाला खडा लावून विचारायचंच सोडून दिलं.

खरं सांगायचं तर तिला थोडं सुनं सुनं वाटत होतं. कोणी निरोप देत नव्हतं, कोणी चवड्यांवर येत नव्हतं. अशातच एका सकाळी खरेदीबाईचा फोन आला.

"एक बाप-लेक आहेत," ती म्हणाली. "रेडिएटरचे पंखे बनवतात. दोघंही आपल्याच पंख्याची टिमकी वाजवतात, आणि मला एकाचाही खरा दोष कळत नाहीये. तुम्हाला चार दिवस सवड आहे का?"

ताईने चष्मा काढला आणि सावकाश पुसायला घेतला.

"दोघांपैकी कुजबुजत कोण येईल, बाप की लेक?" तिने विचारलं.

"मला वाटतं, दोघंही."

"मग येते," ताई म्हणाली. फोन ठेवून ती शेडमध्ये डोकावली. भाऊ पट्टीवरच्या अक्षरांचा आकार मोजत एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. ती चार दिवस बाहेर जात असल्याचं तिने दोनदा सांगितलं. ऐकलं कोणीच नाही, म्हणून तिने पिशवी उचलली आणि निघाली.